तार कोणी बांधली

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, सोमवारी नव्या लोकांना सादरीकरण शिकवायचंय, तुझी प्रेसवाल्याची गोष्ट तूच येऊन सांग, साहेबांचाही आग्रह आहे. मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं.

आकडे बाजूला ठेवा, एक माणूस उभा करा, त्याची एक चूक दाखवा, मग आपला उपाय सांगा. तुमच्या कंपनीत, म्हणजे माझ्याच जुन्या कंपनीत, अजून हेच शिकवतात आणि खाली माझं नाव लावतात. लहानपणी तू पाहुण्यांसमोर ती गोष्ट करून दाखवायचीस, हात चिरडल्याच्या अभिनयासकट. तुझे बाबा ताट बाजूला सारायचे.

आता खरी ऐक. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात आम्ही सल्लागार म्हणून गेलो होतो. प्रेस खाली यायला दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागत, म्हणजे हात आत राहत नसे. एका बटणावर तार आवळून ते कायमचं दाबलेलं ठेवलं होतं. मी दहा पावलांवर वही घेऊन उभी होते. प्रेस खाली आली आणि त्या माणसाचा उजवा हात मनगटापर्यंत चपटा झाला. आवाज मोठा नव्हता, ओला होता. तो ओरडला नाही. डाव्या हातानं उजवा ओढत राहिला आणि ओढता ओढता कातडी हातमोज्यासारखी सुटून आली. रक्त माझ्या वहीवर उडालं.

इस्पितळात तो मला म्हणाला, "बाई, तार मुकादमानं बांधली. तासाचा माल वाढवायचा हुकूम वरून होता. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

आठ दिवसांनी कारखान्याच्या संचालकांसमोर उभी राहिले. साठ स्लाइडांपैकी बाराव्या स्लाइडला दोघे पेंगायला लागले, तिसरा नखं कोरत होता. नोकरी नवी, खोलीत बाई मी एकटी. मी स्लाइडचं मशीन बंद केलं आणि गोष्ट सुरू केली. पण गोष्टीला गुन्हेगार लागतो, आणि हुकूम देणारेच समोर बसलेले. समोरच्याला गुन्हेगार ठरवून सल्ला विकता येत नाही. तेव्हा माझ्या गोष्टीत तार त्यानंच बांधली, काम लवकर उरकायच्या घाईनं. सगळे ताठ बसले. त्याच बैठकीत नव्या स्वयंचलित प्रेस मंजूर झाल्या आणि चाळीस माणसं कमी करायचं ठरलं.

चांगली गोष्ट खोलीत राहत नाही. मुकादमानं ती फाटकावर पोचवली. महिन्याभरानं प्रेसवाला राजीनाम्यावर सही करायला आला, डाव्या हातानं. काढून टाकलेले बाहेरच उभे होते. मी गाडीत होते, काच वर करून. एका तारेपायी आमच्या पोटावर पाय दिलास, म्हणत त्यांनी त्याला पाडलं. आधी लाथा, मग सळया. डोकं वाचवायला त्यानं हात वर घेतले, तर एकानं नेमका बँडेजवर घाव घातला. त्याचा जबडा बाजूला सरकलेला मी पाहिला. मारणाऱ्यांतल्याच एकानं अपघाताच्या दिवशी त्याला उचलून इस्पितळात नेलं होतं. ड्रायव्हर उतरायला निघाला. मी म्हटलं, गाडी काढ. प्रेसवाला तिसऱ्या दिवशी गेला. त्या वर्षी मला बढती मिळाली.

त्याची मुलगी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. त्याच वस्तीत राहते. तिथे अजून तिला तारवाल्याची म्हणतात. तुझ्या फोननंतर मला घरात बसवेना, काल तिच्याकडे गेले. दारातच उभी राहून सगळं सांगितलं. तिनं आत बोलावलं नाही, तेही बरोबरच. रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "जिथं खोटं सांगितलंत, तिथं जाऊन खरं सांगा."

ते संचालक आता उरले नाहीत. ती गोष्ट अजून शिकवतात ती तुमची खोली उरलीय. म्हणून सोमवारी मी येतेय. साहेबांना वाटेल, म्हातारी जुनी गोष्ट सांगणार. मी नावं घेणार आहे, मुकादमाचं, संचालकांचं आणि माझं. मला आता कुणी काढू शकत नाही, तुला काढू शकतात, हे जाणून येतेय. माझी बाजू घेऊ नकोस. हे पत्र शनिवारी पोचेल. मला अडवायचं असेल तर दोन दिवस तुझ्या हातात आहेत, साहेबांना हेच दाखव. मी रागावणार नाही. मग रस्त्यावर उभी राहून सांगेन.

तुझीच, तरीही येणारी,
आई