दोन थडगी, तीन जागा

वुडलँड्स, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २०१२

तीर्थस्वरूप आईस,
मुकुलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि फोन ठेवल्यावर तुला दहा प्रश्न पडतात, म्हणून या वेळी कागदच काढला. मी बरा आहे. जुरोंग आयलंडला जायची कंपनीची बस अजून पहाटेच येते आणि मी अजून तिच्यामागे धावतो. त्यामुळे लग्नापर्यंत बारीक होईन, माझ्या जाडीची काळजी सोड.

गेले तीन रविवार मी एका जुन्या दफनभूमीत हिंडतोय. दचकू नकोस. हुई मिनची आजी, सगळे तिला आ-मा म्हणतात, पाच वर्षांची असताना तिची आई वारली. तिला बुकित ब्राउन नावाच्या टेकडीवर पुरलं होतं. पुढे युद्ध आलं, घर पांगलं, आणि थडगं नेमकं कुठे ते कुणालाच सांगता येईना. आता त्या टेकडीतून रस्ता जाणार आहे. वाटेतल्या थडग्यांना नंबरांच्या खुंट्या ठोकल्यात. घरच्यांनी डिसेंबरअखेर नाव नोंदवलं तर अस्थी त्यांना मिळतील, नाहीतर बेवारस म्हणून काही वर्षं ठेवून समुद्रात सोडतील.

आ-मा त्र्याऐंशी वर्षांची. काठी टेकत आमच्या पुढे चालते आणि मी कोयत्याने झाडोरा तोडत मागे. मनगटाएवढे जाड वेल, मानेवर डासांचा थवा, आणि दर दहा पावलांवर तिचं एकच, की इथे नाही, पुढे चला. घरी आल्यावरही मला चैन पडत नाही. डोळे मिटले की दगडच दिसतात.

आमच्या फेब्रुवारीतल्या लग्नाची तयारी कुठवर आली ते कळव. सुबोधकाकांना नमस्कार. लोभ आहेच, पण रागावू नये, ही विनंती.

तुझा
मुकुल

मिरज
२७ ऑक्टोबर २०१२

चि. मुकुल यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. रागावू नये म्हणून आधीच लिहून ठेवलंस, म्हणजे चोराच्या मनात चांदणं. शुभकार्य तोंडावर आलेलं असताना थडगी उकरायची ही कुठली हौस? मी गुरुजींनाही विचारलं, अशा अस्थींना हात लागला तर सुतक लागतं का. ते हसले. म्हणाले, वहिनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचं कसलं सुतक, आणि ती तुमची कोण? सगळे हसले, मला हसू आलं नाही.

आपल्यात हे असं नसतं. माणूस गेलं की अग्नी द्यायचा, अस्थी नदीत सोडायच्या, मागे काही ठेवायचं नाही. आपल्या घरात कुणाचं थडगं नाही, तेच बरं. मेलेल्यांचा माग काढू नये, मुकुल. जिवंत माणसाचा जीव जातो त्यात.

तुझं पत्र आल्यापासून मी कपाटं आवरतेय. आवरलेलं पुन्हा काढून पुन्हा लावतेय. काल मेधा शेजारून आली ती म्हणाली, काकू, घर काय विकायला काढलंय का? तिला काय सांगू.

हुई मिनवर माझा राग नाही, तिला तसं सांग. तिच्या ब्लाउजचं माप पाठव, आमची शिंपीण जानेवारीत माहेरी जाते. त्या आजीबाईंना म्हणावं घरी बसा, या वयात पडल्याबिडल्या तर काय. आणि तू तिकडे जाणं बंद कर. आईचं एवढं ऐक आणि माया तशीच ठेव.

तुझी
आई

वुडलँड्स, सिंगापूर
१८ नोव्हेंबर २०१२

तीर्थस्वरूप आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

माप सोबत पाठवतोय. फराळाचा डबा लक्ष्मीपूजनालाच पोचला. आ-माला चकली फार आवडली, तिला दात नाहीत म्हणून ती चहात बुडवून खाते. हुई मिनला तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, आई रागावणारच, लाह. (हे ‘लाह’ इथे सगळ्यांच्या वाक्याच्या शेवटी चिकटतं.)

तुझं ऐकलं नाही, हे आधीच कबूल करतो. दफनभूमीच्या जुन्या नोंदवहीत आ-माच्या आईचं थडगं कुठल्या रांगेत आहे तेवढं सापडलं. त्या रांगेत बाकीच्यांची नावं लागतात, दोनच थडगी उरतात, शेजारीशेजारी. एकाच्या दगडावरची अक्षरं पावसाने पुसलीत, दुसऱ्याचा दगड निम्मा फुटलाय. खालच्या बाजूला मुलांची नावं कोरायची इथे पद्धत आहे, नेमका तोच भाग गेलाय. आजवर दोन्हींवर कुणीच नाव नोंदवलेलं नाही. कुठल्याही एकावर नोंदव म्हणून सगळे आ-माच्या मागे लागलेत. ती तयार नाही. काल ती त्या दोन थडग्यांच्या मधे खाली बसली आणि हुई मिनला म्हणाली, "चुकीच्या आईला घरी नेलं तर खऱ्या आईला काय सांगू?" तेव्हापासून नीट जेवत नाही. मुदतीला सहा आठवडे उरलेत.

आणखी एक. तू इतकी का उखडलीस ते कळेना, म्हणून सुबोधकाकांना फोन केला. थडग्याचा विषय ऐकताच ते एवढंच म्हणाले की आईला त्रास देऊ नकोस. काय आहे, आई? मला सांगायचं नसेल तर तसं लिही, पण आपल्या घरात कुणाचं थडगं नाही, हे वाक्य तू दोनदा गिरवलंयस. शाई फुटलीय तिथे.

लोभ कमी करू नकोस.

तुझा
मुकुल

मिरज
१२ डिसेंबर २०१२

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

ते वाक्य खोटं होतं. तुझ्याआधी तीन वर्षं, अठ्ठ्याहत्तर साली, मला मुलगी झाली होती. अकराव्या दिवशी गेली. बारसं उद्यावर आलं होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मी बाळंतिणीच्या खोलीत. तुझे बाबा आणि सुबोधभावजी तिला घेऊन गेले आणि तासाभरात अंघोळ करून परत आले. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बायकांना असलं कुणी सांगत नसे. मग तू झालास आणि तुला पाहून कुणी तो विषय काढला नाही. बाबा गेले तेव्हा सगळे माझ्यासाठी रडत होते, आणि माझ्या मनात आलं की ती जागा ठाऊक असलेलं एक माणूस गेलं. अशी मी.

१६ डिसेंबर

इथवर लिहून पत्र चार दिवस डब्याखाली ठेवलं होतं. काल सकाळी उठून सरळ भावजींकडे गेले आणि म्हटलं, चला, दाखवा. त्यांनी चपला घातल्या.

रिक्षाने कृष्णाघाटावर गेलो. चौतीस वर्षांत किती पूर आले. त्यांच्या खुणेचा लिंब गेला, तिथे पाण्याच्या पंपाची खोली झालीय. आधी भावजींनी भिंतीजवळ बोट दाखवलं. मग म्हणाले नाही, खोलीच्या मागे. मग बाभळीशी जाऊन उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. वहिनी, मला आठवत नाही, म्हणाले. मी म्हटलं, असू द्या भावजी. तिन्ही जागी फुलं वाहिली. घरी आले, पोटभर जेवले आणि बसल्या जागी बसून राहिले. कपाटाला हात लावला नाही.

मुदत जवळ आली म्हणून मेधा या पत्राचा फोटो काढून तुला मेल करतेय, कागद मागाहून येईल. हे सगळं आजीबाईंना नीट समजावून सांग. दोन्ही थडग्यांवर नाव नोंदवा म्हणावं. एक त्यांची आई असेलच. दुसरी परकी निघाली तरी खऱ्या आईचं काही बिघडत नाही, हे मी आई म्हणून सांगते. गेल्या चौतीस वर्षांत कुणी अनोळखी बाई माझ्या लेकीपाशी चुकून दोन फुलं टाकून गेली, असं मला कळलं असतं, तर मी त्या बाईचे पाय धरले असते.

सुनेला आणि आजीबाईंना माझी माया सांग. तुला तर ती आहेच.

तुझी
आई