हरल्याची आनंदाची बातमी

प्रिय लेन,

आम्ही हरलो! उपांत्य सामना, शेवटचं मिनिट, दोन गुणांची आघाडी, आणि हरलो! आणि तुझा हा सहासष्ट वर्षांचा दोस्त मैदानाच्या कडेला असा नाचत होता, की आमची ही, आयरीन, ओरडली, "अगं बाई, ह्यांना काहीतरी झालंय, खुर्ची आणा कुणीतरी!" तुझा गुडघा थंडीत कसा आहे?

दोन वर्षं झाली, मी आपल्या हॉलिन बँक क्लबच्या बायकांना रग्बी शिकवतोय. त्यात मेरिन म्हणून एक आहे, बेकरीत कामाला, अंगात वारं भरल्यासारखी पळते. तिला मी सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून, आणि नेमकी तीच ती गावाकडून शिकली. कोणती, ते तुला सांगायला नको. दोघांनी पळणाऱ्याला उभ्या उभ्या जखडायचं आणि तिसऱ्याने मागून येऊन गुडघ्यांत घुसायचं. पाय रोवलेले, वरून दोघांचा भार, मग गुडघा जाणार नाही तर काय! आता त्याला बंदी आहे, पण कुंपणाशी उभे राहणारे आपले म्हातारे अजून त्याला माझ्याच नावाने ओळखतात. "दे एक सेल्विन!" म्हणून ओरडतात मेले. आणि मी इतकी वर्षं हसून हात हलवत आलो.

हिवाळ्यात मी सरावाला ठणकावलं, जी गुडघ्यात घुसेल ती घरी बसेल. मेरिन फटकन म्हणाली, "वा रे वा! त्याच टकरीसाठी तुमचा फोटो क्लबात टांगलाय, आणि शहाणपण आम्हाला?" सगळ्या खिदळल्या.

तर काल. समोरची एक दांडगी पोर चेंडू घेऊन सुटली. आमच्या दोघींनी तिला रेषेपासून चार पावलांवर उभीच धरली, आणि मागून मेरिन सुसाट. कुंपणावरून एकच गलका, "सेल्विन! सेल्विन! घुस पायात!" मी घसा फोडून ओरडलो, "नको गं, वर धर!" त्या गोंगाटात काय ऐकू जाणार! पण पोरीने ऐन वेळी अंग वळवलं आणि कमरेच्या वर मिठी मारली. दांडगीने तिघींना फरफटत नेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला. गेला सामना. पण ती दांडगी उठली रे! दोन्ही पायांवर उठली आणि हसत मेरिनच्या पाठीत धपाटा घातला. म्हातारे चिडून म्हणाले, "एक टक्कर मारली असतीस तर आपण अंतिम सामन्यात होतो!" मेरिन म्हणाली, "मग उतरा की खाली, तुमचे गुडघे घेऊन!" तेव्हाच मी नाचलो.

नंतर क्लबात मटणाची पाई आणि वाटाणे खाताना तिने विचारलं, "पहिली टक्कर कशी झाली होती हो, खरंखरं सांगा?" मी नेहमीची गोष्ट सुरू केली. ती अर्ध्यावरच सोडून घरी आलो.

त्या निवड सामन्यात आपण समोरासमोर होतो. दोघांनी तुला धरलं आणि पंचाने "धरला!" असं पुकारलं. खेळ तिथेच थांबतो, तरी मी मागून तुझ्या गुडघ्यांत घुसलो. हॉस्पिटलात तुझ्या आईला मी सांगितलं, पुकारा ऐकूच आला नाही. तू म्हणालास, होतं रे असं, आणि मला सिगारेट दिलीस. लेन, मला पुकारा ऐकू आला होता. स्पष्ट. काउंटीच्या संघात एकच जागा होती, आणि निवडणारे तुलाच बघायला आले होते. त्या जागेवर मी खेळलो. गुरुवारी पोरींसमोर हे सांगून फोटो उतरवणार आहे, पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं. शिव्या घालायच्या तर येऊन घाल, मी घरीच आहे. तू मला माफ केलंस, ते माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून. ती माफी मी परत करतोय.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
सेल्विन