बुधवारच्या सात गोळ्या

४ फेब्रुवारी
आला लेख! पान तीन, वरच्या बाजूला. ‘सुई घ्या, सुई!’ मथळा माझाच. संपादक म्हणाले, “शास्त्रीबुवा, लेखणीला धार आहे हं अजून.” (संस्कृत पाठशाळेत शिकलो, एवढ्या गुन्ह्यासाठी कचेरीत ही पदवी जन्मभर भोगतो आहे.)

जुन्या छापखान्याच्या खोलीत ते केंद्र चालते. नशेची सुई टोचून घेणाऱ्यांकडून जुन्या सुया परत घेतात, नव्या कोऱ्या देतात. फुकट! मागच्या आठवड्यात तासभर बसलो होतो तिथे. घड्याळे दुरुस्त करणारा एक गृहस्थ आला, कपाळावर भिंग तसेच. त्याच्यावर लिहिले — ‘लोकांची घड्याळे लावणाऱ्या या माणसाची स्वतःची वेळ मात्र चुकत नाही. पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा!’ वाक्य इतके आवडले की हिला दोनदा वाचून दाखवले.

ही म्हणाली, “त्याला आवडेल का?”

हिला विनोदाचे अंगच नाही.

६ फेब्रुवारी
केंद्रातल्या सिस्टरचा फोन. “पत्रकार, या एकदा. चहा देते. सुई टोचणार नाही, घाबरू नका.”
काम आहे म्हणालो. काम नव्हते.

१० फेब्रुवारी
गेलो शेवटी. चहा खरेच दिला. तो पिणे जड गेले.

सिस्टरने वही पुढे सरकवली. लेखाच्या आदल्या दिवशी बेचाळीस माणसे. आज अकरा. समोरच्या टपरीवर आता लोक उभे राहतात म्हणे, कोण आत जातो ते बघायला. कोपऱ्यात वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा. तळाशी चार-दोन सुया. “डबा रिकामा म्हणजे नशा सुटली असं नाही हं,” ती म्हणाली. “सुई बाहेर फिरतेय. याच्या हातातून त्याच्या हातात. आणि तिच्यासोबत रक्त.”

मी म्हणालो, पण आधी व्यसन सोडवायला नको का?

“ते सोडवायला वर्षं लागतात. तोवर माणूस जगायला हवा ना? आधी सुई. मग बाकीचं.”

सूचीकटाहन्याय! लोहाराकडे दोन गिऱ्हाइके येतात, एकाला कढई हवी, एकाला सुई. शहाणा लोहार आधी झटपट होणारी सुई करून देतो, मग कढई. बाराव्या वर्षी घोकला, तेव्हापासून चारचौघांत मिरवला. अर्थ आज एका नर्सने सांगितला — तोही न्यायाचे नाव न घेता.

मग घड्याळजीचा विषय निघाला. इथे कुणाचे नाव विचारत नाहीत, त्याला सगळे घड्याळजीच म्हणतात. त्याला हिपॅटायटिस सी आहे, यकृत पोखरणारा. बरा होणारा! रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. अठ्ठावीस झाले. दर सोमवारी सात गोळ्या न्यायचा. आज आला नाही. ज्या दुकानाच्या जिन्याखाली तो बसायचा, त्या दुकानदाराने लेख वाचून त्याचे टेबल बाहेर काढले.

“मी नाव कुठे लिहिलं होतं?”

“नाव लिहिलं असतं तर चौघांना कळलं असतं. भिंग लिहिलंत, पत्रकार. सगळ्यांना कळलं.”

११ फेब्रुवारी
लज्जा, ह्री, त्रपा, व्रीडा. एका भावनेला चार शब्द पाठ आहेत मला. काल रात्रभर एकही आठवला नाही — नुसतेच कान तापत होते.

१२ फेब्रुवारी
घड्याळजीचे घर सापडले. दार त्याच्या बायकोने उघडले. मी कोण ते सांगताच पदर सावरून आत गेली. तो बाहेर आला. माझ्याच वयाचा निघाला! मी त्याला लेखात ‘म्हातारबा’ म्हटले होते.

“वाचला लेख,” म्हणाला. “भाषा छान आहे तुमची.”

टोमणा असता तर बरे झाले असते. टोमणा नव्हता.

केंद्रात यायला तयार नाही. “त्या टपरीसमोरून? नको साहेब.” मी म्हणालो, मी आणून देतो. दर बुधवारी सात गोळ्या, आणि नव्या सुयाही. आजच्या सात देतानाच सिस्टरने बजावले होते की पहिली गोळी समोर घ्यायला लावा, मग अधूनमधून बघा. मला ते जमेना. एकदा चव्हाट्यावर आणलेल्या माणसाला वर तोंड उघडून दाखव म्हणायचे?

“जेवण झालं की घेतो,” तो म्हणाला. मी बरे म्हणालो.

१४ फेब्रुवारी
संपादकांकडे खुलासा घेऊन गेलो. “कसला खुलासा? लेखात खोटं काय आहे?”
काहीच नाही. तेच तर!

५ मार्च
चौथा बुधवार. पिशवीत वरती कोथिंबीर, खाली सुया. ही म्हणाली, “अहो, आयुष्यात पहिल्यांदा भाजीला निघालात, तीही असली!” पण पिशवी तिनेच शिवून दिली आहे, आतून कप्पा लावून.

घड्याळजी म्हणाला, “साहेब, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.” काढून घेतले, उंबऱ्यावर बसून लावून दिले. भिंग आता खिशात असते. कपाळावर नाही.

१९ मार्च
टपरीवाल्याने आज मला हाक मारली. “शास्त्रीबुवा, तुम्हीपण?” हसले सगळे. मी पिशवी छातीशी धरली आणि चालू लागलो. त्यांना उत्तर द्यायला हवे होते. मला येते उत्तर देता, त्याचाच तर पगार घेतो.

२ एप्रिल
शेवटच्या सात. छप्पन्न गोळ्या, एकही बुधवार चुकला नाही! आता तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, विषाणू नसला की सुटला. सिस्टर म्हणाली, “पत्रकार, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.” हे मी घरी येऊन हिला सांगितले. दोनदा.

२ जुलै
अहवाल आला. विषाणू आहे. होता तेवढाच.

सिस्टरने मला विचारले, “गोळी घेताना पाहिलंत का एकदा तरी?” नाही म्हणालो. मग तिने अहवाल ऐकायला माझ्यासोबत आलेल्या घड्याळजीला विचारले. तो आढेवेढे न घेता बोलला. “एक दिवस मी, एक दिवस ती. माझी बायको. सुई आमची एकच होती ना. त्याच आठवड्यात तिला इथे आणणार होतो. तेवढ्यात पेपरात आलं, मग ती काही घराबाहेर पडेना.” आणि माझ्याकडे वळून, समजूत घालावी तसे — “काय करणार साहेब, तुम्ही आणायचात त्या गोळ्या एकाच्याच.”