विहीर बुजवण्याआधी

अल खौद, मस्कत

चि. भिकाजीस,

आशीर्वाद, पण या खेपेला रागासकट. मी सलीलकडे सुखरूप आहे. गुडघे सोडले तर माझी तक्रार नाही.

काल तुझ्या जितेशने फोनवर सांगितले की दारात नळ आला, म्हणून तू विहीर बुजवून गाडी लावायला जागा करतोयस. सांगताना हसत होता गाढव!

इथे आमच्या जवळच नदीच्या कोरड्या पात्रात लांबच लांब बांध आहे. आत थेंब नाही. मीही हसलो होतो. सलील म्हणाला, "बाबा, पूर आला की हा पाणी अडवतो आणि सावकाश सोडतो. ते जमिनीत मुरून विहिरींना मिळतं." अरे, समुद्राचे पाणी गोडे करून घरोघर देतात, तरी ही माणसे जमिनीतले पाणी राखतात. उद्या समुद्रात तेल सांडले तर पाणी गोडे करायचा कारखाना बंद ठेवावा लागेल, ही काळजी. वर्षात चार सरी बघणाऱ्यांना हे कळते, आणि तुला कोकणात राहून कळत नाही?

पंप जळला तर नळातून काय येणार, वारा? यशश्री बाळंतपणानंतर विहीर पुजायला कुठे जाणार? सुनेला नळाची ओटी भरायला लावणार आहेस? तिची तब्येत कशी आहे? मला झोप नाही.

डबर टाकले असशील तर तुझ्या हातांनी बाहेर काढ. मी आलो की आधी विहिरीचे पाणी पिईन, मगच तुझ्या घरात पाऊल टाकीन.

जयवंतीला हे वाचून दाखव; नवऱ्याचे प्रताप तिलाही कळू देत.

तुझा,
दादा