तापला की वास मारणारा खडा

४ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सोबत एक पिवळा खडा पाठवतोय. बंद खाणीमागच्या टाकाऊ दगडांच्या ढिगात सापडला. माझ्या एकाही पुस्तकात बसत नाही. तुझ्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत तपास आणि खनिज नवं आहे का ते कळव.

घाई घरगुती आहे. खडा तापवून बघायला मी हिचा तवा घेतला. घरभर लसणाचा वास सुटला. मी स्वयंपाक करतोय असं वाटून ही खुशीत आली आणि खरं कळल्यावर बॅग भरून बहिणीकडे गेली. आता येणार नाही म्हणते. खडा नवा निघाला तर त्याला हिचंच नाव देईन. मग कशी येत नाही बघू.

लोभ आहेच, अहवाल चांगला आला तर दुप्पट करीन.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आधी तो तवा घरातून घालव. खड्यात आर्सेनिक आहे. बायको गेली म्हणून वाचली; तू कसा वाचलास ते विज्ञानाला ठाऊक नाही.

खडा खरंच नवा आहे. दोनदा तपासला, कारण गेल्या वर्षी तू बाटलीची काच पाठवली होतीस. शोधाचा लेख लिहिणाऱ्याने नाव सुचवायचं, पण स्वतःचं नाही, असा नियम आहे. तुझ्यासारख्यांना बघूनच केला असावा. बायकोचं खुशाल दे, पण नावाशेजारी खड्याचे गुण छापतात: ठिसूळ, विषारी, तापला की वास मारतो, उपयोग अद्याप अज्ञात. यावर ती परत येईल असं वाटत असेल तर धन्य आहेस. या यादीची एक प्रत तिलाही धाडली आहे.

माया आहे तेवढी आहे. वाढवायला कारण दे.

ताई

२ मार्च

ती. वन्संना, सा. न.

यादी वाचली. मेहुणे चहा सांडेपर्यंत हसले. माझं नाव नको. मी यांना फोन करून सांगितलं, ‘लेख वन्संच्या नावाने जाऊ दे, म्हणजे खड्याला तुमचं नाव देता येईल. हे कबूल असेल तर मी येते.’ शोध आपल्या सहीने छापून यावा, ही यांची लग्नाआधीपासूनची हौस. तरी बरं म्हणाले.

तेव्हा लेख तुम्हीच लिहा आणि नाव यांचं द्या. ठिसूळ, तापला की वास, उपयोग अज्ञात: इतकं नेमकं वर्णन मला संसारात जमलं नाही.

नावाला मंजुरी येईल तेव्हा येईल, मी रविवारी निघते. असले गुण जगभर छापले जाणार म्हटल्यावर माणसाला एकटं ठेवणं बरं दिसत नाही.

लोभ असू द्या. यांच्या वाट्याचाही सध्या माझ्याकडेच पाठवा.

तुमची भावजय