एकच पसंती

३ मार्च
एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. एकशे बारावा नंबर! बाबांनी फोन करकरून सांगितलं, "लेक सर्जन होणार." मला विचारलं कुणी?

५ मार्च
सांगून टाकलं. सर्जरी नाही, फॅमिली मेडिसिन घेणार — एका अवयवाचं नाही, अख्ख्या माणसाचं डॉक्टर होणार. तीन वर्षं तेच शिकणार.
काका डोळ्यांचे डॉक्टर. म्हणाले, "अगं, सर्दी-खोकला बघायला पुन्हा तीन वर्षं? डोंगर पोखरून उंदीर काढणार तू!"
"काका, तुमच्याकडे माणूस येतो तो नुसते डोळेच घेऊन येतो का?"
बाबा ताटावरून उठले.

८ मार्च
वॉर्डात एक आजोबा. सारखी चक्कर. तीन विभागांच्या तीन फायली. मी तिन्ही घेऊन बसले. रक्तदाबाची एकच गोळी दोन विभागांनी दिलेली — वेगवेगळ्या नावांनी! आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेत होते. मोठ्या सरांना दाखवलं. "हं. एक बंद कर." म्हणाले आणि चालले पुढच्या खाटेकडे.
आजोबा म्हणाले, "पोरी, तुझा मजला कुठला? पुढच्या वेळी थेट तिकडेच येतो."
माझ्या विषयाला इथे मजलाच नाही, आजोबा!

९ मार्च
होस्टेलवर नवं नाव पडलं — थर्मामीटर. पडू दे.

१२ मार्च
पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस. आमच्या विषयाच्या जागा सहा. गेल्या वर्षी त्यातल्या चार रिकाम्याच राहिल्या. मग घाबरायचं कशाला?
बाबांनी वीस पर्याय लिहून दिले होते, सुवाच्य अक्षरात. कागद खिशातच ठेवला. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "ताई, एकच? खाली आणखी दोन-चार टाका. फॉर्म एकदा बंद केला की उघडत नाही. हे नाही मिळालं तर वर्ष जाईल."
टाकले असते. पण दुसरं काही लिहिलं की घरचे तेच धरून बसणार. म्हणणार, बघ, तुलाही चाललं असतं. नाही चालणार!
बटण दाबलं.

१३ मार्च
बाबांना कळवलं, एकच भरलंय. त्यांनी फोन ठेवला. मीही पुन्हा लावला नाही.

२० मार्च
यादी लागली. माझं नाव नाही. सहाच्या सहा जागा माझ्याहून वरच्या नंबरच्यांनी घेतल्या! त्यातले चौघं आमच्याच होस्टेलचे. आपणही हेच भरणार, असा एकानेही चकार शब्द काढला नव्हता.
वर्ष गेलं. रडायला हवं. पण सकाळपासून एकच मनात येतंय — म्हणजे आम्ही सात जण आहोत!