साक्षीदार क्रमांक दोन

२४ जून २००९, मेलबर्न विमानतळ
शेवटी निघालो. गायकवृंदाची अडतीस पोरंपोरी, त्यांची कंडक्टर शोशी, साक्षीदार म्हणून फेला ग्रिनबाल आणि मी. माझं अधिकृत काम गाण्यांच्या फायलींची पेटी सांभाळणं. पोलंडमध्ये प्रत्येक कार्यक्रमात फेला सात मिनिटं बोलणार. छळछावणीतून वाचलेली बाई, बोलायलाच हवं. पण मीही पोलंडमधल्या तिच्याच वूच गावचा ज्यू, माझंही बालपण हिटलरनं खाल्लं. बारा मिनिटांचं भाषण कोटाच्या आतल्या खिशात तयार आहे. मागून संधी घेणार नाही. बोलावलं तर जाईन.

संकल्प: फेलाचा हेवा करायचा नाही. तसा मी करतच नाही.

२५ जून, विमानात
फेलाला खिडकी आणि दोन उशा. मला संडासाशेजारची सीट.

२८ जून, वॉर्सा
पहिला कार्यक्रम. फेलाची सात मिनिटं मला तोंडपाठ आहेत. मेलबर्नच्या शाळांतून वीस वर्षं हेच सांगते. पावाच्या तुकड्याची गोष्ट, मग थांबणं, मग पाण्याचा घोट. घोट मुद्दाम घेते असं माझं प्रामाणिक मत. सगळा हॉल उभा राहिला. गायकवृंदातली माझी नात टालिया हमसून हमसून रडली. माझ्या पंचाहत्तरीला एक टिपूस काढलं नव्हतं.

नंतर एक वार्ताहर बाई थेट माझ्याकडे आली. मी खिशात हात घातला. बसचे ड्रायव्हर तुम्हीच का, असं विचारलं तिनं.

३० जून, बसमध्ये
फेला तोंड उघडं टाकून झोपली. पोरींनी तिला शाल पांघरली. मी झोपलो तर माझ्या कपाळावर स्टिकर.

टालियाजवळ सहज विषय काढला. म्हटलं, आम्हीही पळून रशियात गेलो, मग समरकंदला, सहा वर्षं उपाशी काढली. तर म्हणते, हो आजोबा, पण तुम्ही छावणीत कुठे होतात? मेलबर्नला क्लबात पत्ते पिसताना मित्र मोनेकही हेच म्हणतो. तुझं काय रे, तू रशियात होतास, मजा मारलीस. मजा! माझा धाकटा भाऊ समरकंदला टायफसनं गेला. पण छावणीत गेला नाही, म्हणून त्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. राग येतो मला. स्पष्ट लिहितो, राग येतो.

१ जुलै, क्राकूफ
शोशीला सुचवलं, कार्यक्रमात जरा विविधता हवी. हो काका, म्हणूनच दोन हिब्रू गाणी घातलीत, म्हणाली. बुद्धीनं मंद आहे, पण हात छान हलवते.

सकाळी बाथरूममध्ये सराव. बाराची सतरा मिनिटं होतात. कापण्यासारखं एक वाक्य नाही. मधे पाण्याचा घोट घेऊन पाहिला. ठसका लागला.

५ जुलै, वूच, सकाळी ८
फेलाचा आवाज बसला! घशातून नुसती हवा. फार वाईट वाटलं. लगेच कोट इस्त्रीला दिला.

शोशी नाष्ट्याला धावत आली. हेनेककाका, आज तुम्हीच वाचवा, पाच मिनिटं बोलाल का? विचार करून सांगतो म्हटलं. विचार करायला चार सेकंद लागले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बोललो. एकोणीस मिनिटं. शोशी मधूनमधून घड्याळ दाखवत होती, वेळ भरपूर आहे असं सुचवत असावी. आईनं लग्नाची अंगठी देऊन पीठ आणलं, आमच्या उवा काढता काढता गाणी म्हटली, स्वतः आजारी असून आम्हाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, सगळं सांगितलं. टाळ्या व्यवस्थित. मात्र रडलं कोणी नाही, टालियासुद्धा. पहिल्या रांगेत फेला तेवढी रडत होती. जळली असणार. अखेर जिंकलो.

६ जुलै, वूच, सकाळ
नाष्ट्याला फेलानं खुणेनं शेजारी बसवून घेतलं. एकोणीस मिनिटांवरून बोलणार असं वाटलं. उत्तर तयार ठेवलं.

कुजबुजत विचारलं, तुझी आई कधी गेली? म्हटलं, एकोणनव्वदला, मेलबर्नला, स्वतःच्या अंथरुणात. तेव्हा तू किती वर्षांचा? पंचावन्न. मग म्हणाली, मी चौदाची होते, छावणीच्या स्टेशनच्या फलाटावरच आईला नि मला वेगळं केलं. हेनेक, तुझा हेवा वाटतो रे मला. काल ऐकताना अंगाची आग आग झाली.

बारा दिवस मला नेमकं हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली.

आणखी सांग तिच्याबद्दल, म्हणाली. काय सांगू? लिहून आणलेलं सगळं काल संपलं होतं. एवढंच आठवलं, की म्हातारी सकाळी सातला फोन करायची. आतून बनियन घातलंस का विचारायची. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून दाढी करायचो.

फेलानं विचारलं, रोज?

रोज, म्हटलं.